ते उभं राहून काय करायचे

सत्यशीलाबाईंचं पत्र येऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि बद्रीनाथ सातपुत्यांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र कुठे आहे हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आलं असतं. कपाटात, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाखाली. विसरायला झालं असतं तर बरं, असं कधीकधी त्यांना वाटे, पण विसरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करत बसले होते.

पत्र आलं तेही आडवाटेने. सातपुते कसबा पेठेतून कर्वेनगरला राहायला आले त्याला बरीच वर्षं झाली होती. पत्र जुन्याच पत्त्यावर गेलं, तिथल्या बुरुडाच्या दुकानात टोपल्यांच्या मागे काही दिवस पडून राहिलं आणि कुणीतरी ओळखीच्याच्या हातून शेवटी घरी पोचलं. अक्षर शिक्षिकेचं होतं, सरळ आणि स्वच्छ.

"श्री. बद्रीनाथ सातपुते यांस, सा. न. वि. वि. आपण मला ओळखत नाही. मी लोणी काळभोरच्या रावसाहेब काळभोरांची मुलगी. आप्पा गेल्याचं आपल्याला कळलं असेलच. पत्र लिहिते आहे ते आईसाठी. आई कधी मैदानावर गेली नाही. आप्पा खेळत नव्हते, पळत नव्हते, बॉलला हातही लावत नव्हते, एवढं तिला ठाऊक आहे. तरी दर रविवारी ते पहाटेच्या गाडीने पुण्याला जायचे. कांदा काढायला आलेला असला तरी जायचे. त्यावरून घरात भांडणंही झाली. आता भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो की आप्पा देवमाणूस होते. ते ऐकून ती वैतागते. म्हणते, 'देव व्हते का काय त्ये मला नगं सांगू. तिथं उभं ऱ्हाऊन करायचे काय, त्ये इचार कुणाला तरी.' आप्पा घरात खेळाविषयी बोलत नसत. एकच वाक्य म्हणायचे, सातपुत्यांना सगळं दिसतं. म्हणून आपल्याला विचारते आहे. आईचं वय झालं आहे, फार दिवस लावू नयेत ही विनंती. आणखी एक. त्यांच्या पँटच्या खिशात नेहमी सहा चिंचोके सापडायचे. धुताना आई ते काढून ठेवायची. ते कशासाठी, तेही कळवावं."

रावसाहेब काळभोर पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि रविवारी पुण्याच्या क्लब क्रिकेटमध्ये अंपायर. ज्या सामन्यात ते उभे असत त्या सामन्यात भांडण होत नाही, असं पोरं म्हणायची. त्याच सामन्यांत मांडवाखालच्या टेबलावर सातपुते स्कोअरर म्हणून बसत. तीस वर्षं बसले. आयुष्यात बॅट हातात धरली नाही. धरली असती तर कुठल्या हाताने, हाही त्यांनी विचार केला असता.

पत्र वाचलं त्याच दिवशी ते उत्तर लिहायला बसले होते. आधी अंपायर म्हणजे काय हे सांगावं लागेल, असं त्यांना वाटलं. मग हे काम सुरू कधी झालं, कुठे झालं, पूर्वी अंपायर काय घालत, असं करत चार पानं झाली. ती त्यांनी बायकोला, कौशल्याबाईंना, वाचून दाखवली.

"छान आहे," कौशल्याबाई म्हणाल्या. "पण त्या बाई विचारतायत की आमचे हे काय करायचे. तुम्ही सांगताय इंग्लंडातले लोक काय करायचे."

"पार्श्वभूमी नको का?"

"त्यांचा नवरा गेलाय हो. त्यांना परीक्षेला बसायचं नाहीये."

दुसऱ्या खेपेला त्यांनी रावसाहेबांचे किस्से लिहिले. वाचल्यावर वाटलं, गेलेल्या माणसाच्या बायकोला आपण विनोद लिहून पाठवतो आहोत. तिसऱ्या खेपेला सांत्वन लिहिलं, ते इतकं संस्कृत झालं की त्यांनाच आपण कुणी कीर्तनकार असल्यासारखं वाटायला लागलं. आणि खालून एक शंका सारखी डोकं वर काढायची. आपण कोण हे सांगणारे? आपण सीमारेषेबाहेर टेबलावर बसत होतो. रावसाहेबांच्या शेजारी उभं राहून खेळलेली शेकड्यांनी माणसं पुण्यात आहेत. ती सोडून त्यांच्या बायकोने आपल्याला विचारावं, यात काहीतरी गैरसमज असणार.

दिवस गेले तसं आणखी अवघड झालं. आता पत्राची सुरुवात उशिराबद्दल क्षमा मागून करायला हवी होती, आणि जितका उशीर तितकी क्षमा लांबत चालली.

"मग भेटूनच या ना लोणीला," कौशल्याबाईंनी एकदा सुचवलं. ते गेलेही. बसमध्ये बसले, अर्ध्या वाटेत हडपसरला उतरले, तिथे पेरू घेतले आणि परत आले.

"लोणीचे का?" पिशवीत डोकावत कौशल्याबाईंनी विचारलं. सातपुत्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. पेरू मात्र गोड निघाले.

त्यांना सारखी आठवायची ती पहिल्या रविवारची सकाळ. क्लबचा नेहमीचा स्कोअरर तापाने आडवा झाला होता. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने सातपुत्यांना धरून आणलं आणि टेबलामागे बसवलं. क्रिकेटची पुस्तकं त्यांनी ढीगभर वाचली होती, त्यामुळे वहीत काय भरायचं हे ठाऊक होतं. अंपायरने खूण केली की आपणही हात वर करून ती पोचल्याचं कळवायचं असतं, हे मात्र वाचनातून कसं कोण जाणे निसटलं होतं.

तिसऱ्याच ओव्हरमध्ये बॉल बॅट्समनच्या पॅडला लागून मागे गेला. एक धाव निघाली. रावसाहेबांनी एक गुडघा उचलला आणि हाताने थोपटला. लेगबायची खूण. सातपुत्यांनी वहीत लिहिलं आणि मान वर केली. रावसाहेब अजून गुडघा थोपटत होते. सातपुते बघत राहिले. रावसाहेब थोपटत राहिले. स्लिपमधल्या एकाला वाटलं, काकांच्या पायात गोळा आला. तो आत पळाला, बाम घेऊन आला आणि त्यांची पँट वर सरकवायला खाली बसला.

रावसाहेबांनी त्याला बाजूला केलं आणि सगळं मैदान ओलांडून ते टेबलापाशी आले. उंच, काळेसावळे, डोक्यावर पांढरी टोपी. सातपुत्यांना वाटलं, आता आपली उचलबांगडी.

"अहो, मी तिथं गुडघा बडवतोय," ते हळू आवाजात म्हणाले, "आन् तुम्ही दवाखान्यात भेटायला आल्यासारखं बघताय. दिसलं का नाही, एवढं कळवा की."

"कसं कळवू?"

"हात वर करा."

सातपुत्यांनी मैदानाकडे पाहिलं. तेरा खेळाडू त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा हात टेबलाखालून निघेना. रावसाहेबांना ते दिसलं असावं.

"हाताची लाज वाटत असंल तर पेन्सिल वर करा," ते म्हणाले. "मला दिसंल."

तेव्हापासून सातपुते पेन्सिल वर करायचे. आधी बॉल कुठे गेला ते बघायचं, मग खूण, मग वहीत बॅट्समनच्या नावापुढे, मग बॉलरच्या नावापुढे, मग बेरीज जुळते का, आणि मग पेन्सिल. ती दिसेपर्यंत रावसाहेब पुढचा बॉल टाकू देत नसत.

मग एका रविवारी सकाळी कौशल्याबाईंनी त्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं. भाजीवाल्याच्या पुढच्याच मैदानात चाळिशी ओलांडलेल्या मंडळींचा सामना चालला होता. सातपुते कोथिंबिरीची जुडी घेऊन कडेला उभे राहिले.

"सातपुते काका? वही कुठे तुमची?"

प्लास्टिकच्या खुर्चीत, गुडघ्याला पट्टा बांधून, योगेश गुजर बसला होता. एके काळी पुण्यातला सगळ्यात वेगवान बॉलर. आता पोट पुढे आलं होतं आणि केस मागे गेले होते.

"नाही, सहज आलो," सातपुते म्हणाले. "तू खेळत नाहीस?"

"खेळलो ना. दोन ओव्हर. आता आठवडाभर जिना उतरायचा नाही म्हणालेत डॉक्टर. बसा." त्याने शेजारची खुर्ची ओढली.

मैदानात कुणीतरी चौकार मारला. अंपायरने हात हलवल्यासारखं केलं आणि मोबाइल बघितला. तोवर बॉलर पळत सुटलाही होता.

"टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही त्याने," सातपुते न राहवून म्हणाले. "रावसाहेब थांबायचे."

योगेश मोठ्याने हसला. "थांबायचे? काका, तुमच्यापायी आम्ही जेवढं ऊन खाल्लंय ना, तेवढं शेतकऱ्याने खाल्लं नसेल."

"माझ्यापायी?"

"मग कुणापायी? मी तिकडे पार साइटस्क्रीनजवळ जाऊन उभा. घाम निथळतोय. आणि रावसाहेब हात आडवा धरून मांडवाकडे बघतायत. का, तर सातपुते विचार करतायत. अहो चौकार होता तो. बॉल गटारात पडला होता, एक पोरगं काठीने काढत होतं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?"

"मी बेरीज जुळवून बघायचो."

"माहितेय. म्हणून तर आम्ही तक्रार केली होती."

सातपुत्यांनी कोथिंबीर एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कसली तक्रार?"

"तुम्हाला कुणी बोललं नाही?" योगेश थोडा चपापला, पण आता मागे येता येणार नव्हतं. "तीन-चार क्लबांचे कॅप्टन मिळून गेलो होतो सेक्रेटरींकडे. म्हटलं स्कोअरर बदला, दिवसाची चार ओव्हर याच्यात जातात. त्यांनी रावसाहेबांना बोलावून घेतलं. ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'बदला की. पर माणसं दोन बघा. एक स्कोअरर, एक अंपायर.'"

सातपुते मैदानाकडे बघत राहिले. म्हणजे आपण तीस वर्षं सगळ्यांना नकोसे होतो. आपल्याला शंका होतीच.

"झालं, तोंड पडलं," योगेश म्हणाला. "अहो, पुढचं ऐका तरी. मी तेव्हा तरणा होतो, जीभ लांब. मी विचारलं, काका, त्यांच्यावर एवढा जीव का तुमचा? तर म्हणाले, 'गुजर, तुमाला लवकर पायजे. मला बराबर पायजे. मी तिथं मधी एकटा उभा असतो. मला तरी काय ठावं, मी दिलेलं बराबर हाय का न्हाई? त्या माणसाची पेन्सिल वर झाली का मला जरा बरं वाटतं. म्हंजी दोघांनी बघितलं.'"

मैदानात अपील झालं, कुणीतरी कुणाला शिवी दिली, कुणीतरी हसलं. सातपुत्यांना त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही. रावसाहेबांना शंका यायची, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. मैदानाच्या मधोमध ताठ उभा असलेला तो माणूस, बोट वर करताना ज्याचा हात कधी थरथरला नाही, तो प्रत्येक वेळी त्यांच्या पेन्सिलीची वाट बघत होता.

मग त्यांनी मनातलं खरं भय बोलून दाखवलं. "रावसाहेबांच्या मंडळी... आहेत का रे?"

"तुळजाकाकू? आहेत की. संक्रांतीला गेलो होतो लोणीला. ऐकायला कमी येतं, बोलायला कमी नाही. मला म्हणाल्या, ल्येका, तू काय करायचास? म्हटलं, बॉलिंग टाकायचो. म्हणाल्या, आन् हे? म्हटलं, काका आउट द्यायचे. तर म्हणतात, 'दिसभर?'" योगेश हसता हसता थांबला. "मला पुढं काही सांगता येईना, काका. खरंच, काय सांगायचं?"

सातपुते घरी आले तेव्हा कौशल्याबाई आमटीसाठी कोथिंबिरीची वाट बघून थकल्या होत्या. आमटी तशीच झाली होती. त्या काही बोलण्याआधीच सातपुत्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. एरवी ते एवढं सलग बोलत नसत, म्हणून कौशल्याबाईंनी गॅस बंद केला.

"मग आता अडलंय कुठे?" ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या.

"कुठे म्हणजे?"

"त्या बाई विचारतायत, उभं राहून काय करायचे. तुमची वाट बघायचे. झालं. लिहा आणि टाका पेटीत."

"असं कसं लिहू? त्यांचा कांदा शेतात पडून राहायचा आणि त्यांचा नवरा इथे माझ्यासाठी खोळंबून उभा. मी हे कोणत्या तोंडाने सांगू?"

"याच. त्यांना राग आला तर येऊ दे. त्यांचा नवरा होता, त्यांना हक्क आहे. पण तो रविवारी कुठे जायचा ते तरी कळू दे बाईला. का ती जायची वाट बघताय?"

सातपुते दुखावले. मग जेवले. मग दुपारी, आडवं न होता, खिडकीपाशी बसून लिहायला लागले. या वेळी त्यांनी एकही पुस्तक उघडलं नाही, आणि पत्र सत्यशीलाबाईंना न लिहिता जिने विचारलं होतं तिलाच लिहिलं.

"तुळजावहिनींना सा. न.

पत्राला फार उशीर झाला. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते सांगायचा अधिकार आपला नाही असं वाटत राहिलं.

आधी चिंचोक्यांचं सांगतो. एका ओव्हरमध्ये सहा बॉल टाकायचे असतात. ते मोजणं अंपायरचं काम. एक बॉल पडला की रावसाहेब एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचे. उजवा खिसा रिकामा झाला की ओव्हर संपली. बाकीचे अंपायर खडे किंवा नाणी वापरत. रावसाहेब म्हणायचे, चिंचोके घरच्या झाडाचे आहेत.

उभं राहून ते बघायचे. बॉलरचा पाय कुठे पडला, बॉल कुठे लागला, हे बघायला फार लक्ष लागतं. दिवसभर तेवढं लक्ष मी तरी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. बॉलर लोक आपले स्वेटर त्यांच्याकडे देत. ते कमरेला बांधून रावसाहेब उभे असत. चष्मे, साखळ्या, एकदा तर एका पोक्त बॅट्समनची कवळी त्यांच्या वरच्या खिशात होती, आणि तो आउट होऊन गेल्यावर ते ती परत द्यायला मांडवापर्यंत आले. एखाद्या पोराला आउट दिलं की त्याला नावाने हाक मारायचे आणि म्हणायचे, पुढच्या रविवारी ये. पोरं चिडून जायची आणि पुढच्या रविवारी यायची. चुकलं तर जेवायच्या सुट्टीत त्या पोराच्या शेजारी बसून 'माझं चुकलं' म्हणायचे. मी ते दोनदा ऐकलं.

आणि ते माझी वाट बघायचे. त्यांनी केलेली खूण मी वहीत लिहून पेन्सिल वर केल्याशिवाय ते खेळ पुढे जाऊ देत नसत. मला वेळ लागतो. मी घाबरट माणूस आहे, लिहिलेलं पुन्हा तपासतो. सगळे ओरडायचे, पण ते उभे असायचे. कुठल्याच खेळात टेबलामागे बसलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. ते बघायचे. माझ्यावर तक्रार झाली होती हे मला आजच कळलं, ती त्यांनी माझ्यापर्यंत येऊ दिली नाही हेही आजच कळलं.

तुमचा कांदा तेव्हा शेतात असायचा, हे मला तुमच्या मुलीच्या पत्रातून समजलं. तो वेळ तुमचा होता आणि तो मला मिळाला. त्याबद्दल तुम्ही रागावलात तर ते बरोबर आहे. पण वाया गेला नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. मी फार कमी गोष्टी खात्रीने सांगतो.

आपला, बद्रीनाथ सातपुते."

त्यांनी ते पुन्हा वाचलं. 'खात्रीने' दोनदा आलं होतं. एकदा काढावं असं मनात आलं, पण कुठलं, ते ठरेना, म्हणून दोन्ही ठेवली. कौशल्याबाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पदराने पुसला आणि "पत्ता नीट घाला," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी पोस्टात गर्दी होती. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवलं. "साधं का स्पीड?"

सातपुते विचार करू लागले. साधं वाटेत हरवलं तर? स्पीडने गेलं तर उगाच घाई केल्यासारखं दिसेल. एक वर्ष थांबून आता घाई.

"आजोबा, मागे लाइन आहे," बाई म्हणाल्या. "लग्न ठरवायचं नाहीये, पाकीट पाठवायचंय."

"स्पीड," सातपुते म्हणाले.

बाईंनी चिकटपट्टी लावली, शिक्का मारला, पावती सरकवली. त्याच क्षणी सातपुत्यांना आठवलं की 'ते माझी वाट बघायचे' या वाक्याआधी 'आणि' घालायला नको होतं. ते खिडकीपाशी तसेच उभे राहिले.

"काही राहिलं का?"

"नाही," सातपुते म्हणाले. "काही राहिलं नाही."

बाईंनी पाकीट मागच्या थैलीत टाकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.